खरारा

पहाटे साडेचारला
बरक्याचं धुकं तुझ्या झुलीवर बसलेलं असतं,
खारट, ओलं.
झूल काढतो आधी. खाली घाम असला
तर रात्री चुकलोच मी.
इद्रीस म्हणतो, घोडं थंडीनं आजारी पडत नाही,
माणसाच्या काळजीनं उकडतं.

मग खरारा. गोल गोल, खांद्यापासून मागं.
कोंडा उडतो दिव्याच्या उजेडात.
आंघोळ नाही फेब्रुवारी सरेपर्यंत;
पाण्यानं कातडीचं तेल जातं,
हे आजोबांनी सांगितलं सारंगखेड्याच्या बाजारात,
मी लाथ खाऊन बसलो होतो तेव्हा.

चाऱ्यात मूठभर जवस, शिजवून.
इथला दुकानदार त्याला वेगळंच काही म्हणतो,
पण मी ‘जवस’ म्हटलं
की तू कान टवकारतेस.

तंगाखालचा तो चट्टा
नाताळात रुपयाएवढा होता.
आता बोटाखाली मावतो.
खवले नाहीत, ऊब नाही,
केस येताहेत, पांढरे.
बाकी तू सगळी कुमाईत.
मालक विचारतील, हे काय?
बघू.

ऊन वर आलं, सोडलं तुला.
आणि तू, शहाणे,
दोन तास चकाकवलेली पाठ
सरळ वाळूत टेकवलीस,
चारी पाय आभाळात.