सल्ल्याचा दर

परवान्यावर माझं नाव अरबीत
उजवीकडून चालत आलं होतं.
शारजा. मुदत एक वर्ष.
व्यवसाय : अन्नसुरक्षा सल्लागार.
सोळा वर्षं ज्या गाडीतून तपासणीला जायचे
ती आता दुसऱ्या कुणाला घेऊन जात होती.
माझ्याकडे एक थर्मामीटर, सुई किंचित वाकलेली,
आणि जुनी निस्सान, जिचा एसी
फक्त उतारावर चालतो.
शारजात उतार नाहीत.

पहिली अडचण दराची.
आमच्याकडे सल्ला भिंतीवरून येतो,
शेजारणीकडून, वाटीभर विरजणासोबत.
ताप येवो, प्लॉट घेतलेला असो, लग्न मोडलेलं असो,
चार जण येतात, देऊन जातात,
वर चहा आपलाच पितात.
त्याचं बिल कुठल्या तोंडाने करायचं?
पहिल्या कोटेशनवर मी आकडा लिहिला,
खोडला, निम्मा केला,
खाली टीप टाकली : बोलून ठरवू.
बोलून त्यांनी त्याचाही निम्मा केला.

मग रोलामागचे मोइदीनकुट्टी.
बलदियाच्या दोन नोटिसा, शीतकपाट अकरा अंशांवर,
आणि नवीन मशीन घ्या म्हणणारे तीन विक्रेते
तीन रंगांच्या माहितीपत्रकांसह.
मी पहाटे चारला जाऊन कांद्याच्या पोत्यावर बसले.
रात्री बारापर्यंत बसले.
तन्वीर नावाचा पोरगा, दोन्ही हातांत ट्रे,
दाराला तेलाचा डबा लावून आत जायचा.
डबा तसाच राहायचा.
एकेचाळीस वेळा. मी रेघा मारत होते.

अहवाल सव्वा पानाचा झाला.
एक ढकलगाडी, दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा,
खर्च एकशे नव्वद दिरहम.
मोइदीनकुट्टींनी पान उलटून पाहिलं,
मागे काही आहे का.
"बस?"
बिल माझ्या पर्समध्ये होतं. लाज वाटली,
कमी करणारच होते.

मिरजेत माझे मामा तंबोऱ्याची जवारी काढायचे.
दोन तास नुसते कान लावून बसणार,
मग घोडीवर कानसचे चार हात,
मांडीवर चिमूटभर भुगा.
गिऱ्हाईक म्हणायचं, एवढंच?
मामा काही बोलायचे नाहीत.
तार छेडायचे.

आठवड्याने मी शीतकपाटात सुई खुपसली
आणि आकडा त्यांच्याकडे फिरवला.
चार.
पैसे मिळाले. निम्मे तेव्हा, निम्मे रमजान उलटल्यावर,
सोबत बिर्याणीचं भांडं,
ज्याची नोंद कुठल्या खात्यात करावी मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर आगाऊ निम्मे घेऊ लागले.
'बोलून ठरवू' पुसून टाकलं.
धंदा जमला असं वाटलं.
तीन महिन्यांनी सहज डोकावले,
तर दारात डबा.
पडदा गुंडाळून वर खोचलेला.
तन्वीर व्हिसा संपून चितगावला गेला होता,
नव्या मुलाला कुणी काही सांगितलं नव्हतं,
आणि का सांगावं, त्याच्याही हातांत दोन ट्रे होते.

त्या रात्री गाडीत बसून बराच वेळ
चावी फिरवली नाही.
या गावात माणसंच मुदतीवर येतात,
त्यांच्यात ठेवलेला सल्ला
विमानतळापर्यंत जातो त्यांच्यासोबत.
एकदा सांगून निघून यायचं,
याचेच मी पैसे घेत होते.

आता महिन्याच्या हिशेबाने घेते.
दर महिन्याला एक दिवस, कांद्याचं पोतं, रेघा,
नव्या पोराशी त्याच्या भाषेत चार वाक्यं
(माझी बंगाली ऐकून ते हसतात; हसले की लक्षात ठेवतात).
अकरा स्वयंपाकघरं झाली.
एकाने पैसे बुडवले. एकाला मीच नाही म्हटलं,
तेव्हा आवाज थोडा कापला.

परवाना नवा केला. एसी तसाच आहे.
काल खोरफक्कानहून फोन आला, मासळीवाले आहेत,
दर विचारला, मी सांगितला,
आणि पुढे गप्प राहिले.
आज निघाले. डोंगरातला शेवटचा बोगदा संपला,
समोर समुद्र, रस्ता खाली झुकला,
आणि चेहऱ्यावर गार वारा आला
त्याच त्या मोडक्या जाळीतून.