डोळा भरणे

पान मला कळतं.
बत्तीस वर्षं तेंदू भिजवला, फरम्यावर कापला,
डाग दिसला की बाजूला.
हजारामागे किती छाट गेली
ते कारखान्यातला चेकर वहीत लिहायचा,
मला बोटांनाच ठाऊक असायचं.

तरी गुलाबाचं पान चुकले.

पत्र्याच्या डब्यातला तांबडा तो, गड्ड्याच्या जत्रेतून आणलेला.
पौषात कोवळी पालवी फुटली
आणि पानापानावर पिवळी रेघ,
नागमोडी,
जेकार्डचं एखादं कार्ड उलटं लागलं
की ह्यांच्या चादरीत उमटायची तशी.
वाटलं, पाणी बाधलं. नळ चार दिवसांआड,
ड्रममधलं शिळं पाणी कुणाला मानवतं?
मग शेणखत घातलं. मग राख.
पद्मा कोंडा म्हणाली म्हणून आंबट ताकसुद्धा.
चैत्र उलटला, ऊन चव्वेचाळीसवर गेलं,
आणि रेघ पुसली!
मी गल्लीत गूळ-शेंगा वाटल्या.

त्याच वैशाखात हे गेले.

आषाढात रानगुलाबाची साल सुटते.
जो तो म्हणाला, अक्का, तुझ्या तांबड्याचा डोळा दे.
दिला.
ब्लेडनं उभी-आडवी चीर, आत हिरवा डोळा,
वरून विडीचाच गुलाबी दोरा, घट्ट.
नऊ घरांत नऊ डोळे भरले त्या पावसाळ्यात,
माझे सोडून.

थंडी पडली, आणि दहा घरांत एकच रेघ.

निंगव्वाचा श्रीशैल शेतकी कॉलेजातून सुट्टीला आलेला.
पान उजेडाकडे धरून म्हणाला, मोझॅक.
विषाणू आहे, अक्का. ह्याला औषध नाही.
उन्हाळ्यात लपतो, जात नाही.
मी विचारलं, मावा आणतो का रे? वारा?
नाही, म्हणाला, आणि जरा थांबला.
डोळ्यातून जातो. कलम करणाऱ्याच्या हातानं.

हात पदराखाली घेतला मी. कशाला, कुणास ठाऊक.

मग नऊ दारं.
निंगव्वानं ऐकलं, आणि पोराच्या देखत
झाड मुळासकट उपटून चुलीत घातलं,
चहा त्याच जाळावर केला,
मला दिला नाही.
हसीना आपा म्हणाली, फूल देतं ना? मग राहू दे.
मला बारा वर्षं साखर आहे,
मला उपटलं का कुणी?
कलावतीच्या घराला कुलूप होतं.
दाराशी तिचं झाड, त्यावर तीन कळ्या,
मी उभी राहिले, कळ्यांनाच सांगितलं, आले.
पद्मा मात्र बोलेना.
शेवटी म्हणाली, मी पुढे दिला गं डोळा,
लेकीला, अक्कलकोटला.
आणि लेकीनं नणंदेला.
नणंद कुठली ते मी विचारलं नाही.

बाकीच्यांनी काय केलं ते
येता-जाता कुंपणावरून दिसतं.

माझा अजून आहे. जाळवला नाही.
न्हाणीमागे एकटा ठेवलाय,
फुलतोही, मेला, लाजल्यासारखा लहान लहान.
संकष्टीला फूल खुडते,
डोळा मागायला कुणी आलं तर फूलच देते.

होटगी रोडच्या नर्सरीतून परवा नवा रोपा आणला.
शकूर नदाफ म्हणाला, साफ माल आहे, अक्का, बघून घे.
पाहिलं. पान बोटात धरलं,
बत्तीस वर्षांचं बोट,
त्याला काही लागलं नाही.
भर मे महिना. हिरवंगार, तुकतुकीत.

ह्या उन्हात सगळीच पानं निर्दोष.
रोपा वेगळा ठेवलाय, रानगुलाब बाजूला तयार,
ब्लेड अजून कागदात.
पौष येऊ दे.