पानं उलटणारी

पानं उलटणारीनं दिसायचं नसतं, हा नियम.
काळं नेसायचं, डावीकडं बसायचं,
बांगड्या काढून ठेवायच्या.
एस्तेर चोपडेबाईंनी तेवढं शेवटचं मोडीत काढलं :
"असू देत की. वाजल्या तर वाजू देत."

त्यांचे वडील उद्यमनगरात मोल्डर.
पियानोच्या पोटात बिडाची चौकट असते
हे कळल्यावर म्हणाले होते म्हणे,
मग हे आपल्यातलंच की!
मिशनच्या शाळेतला, वाळवी लागलेला,
भंगाराच्या भावात आला तो.
हातगाडी, चार फौंड्रीवाले, टाकाळ्याचा चढ.
तुटल्या जागी मिरजेच्या सतारवाल्याकडची तार.
तो एक स्वर अजूनही जरासा देशी लागतो.

पुढं व्हिएन्ना, वॉर्सा, थंडीत सुजलेली बोटं.
आणि गावोगाव तोच प्रश्न, हसत हसत :
बायकांनी लिहिलेलं असं आहे तरी किती?
बाई उत्तर द्यायच्या नाहीत.
पुढच्या मैफलीत आणखी एक नाव वाढायचं.
कुणी नुसत्या आद्याक्षरांची,
कुणाची वही नवऱ्याच्या ट्रंकेत तळाला.

आज गावात. आज शेवटी ही वही :
शंभर पानी, वर गुळाच्या अडतीचा शिक्का.
हौसाक्का पोवार. स्टुडिओत पेटी वाजवायच्या,
चाली बांधायच्या.
पडद्यावर नाव यायचं नवऱ्याचं, तेही चुकलेलं.
मींड पियानोवर येत नाही,
त्या भांडणात बाईंची दोन वर्षं गेली.

आणि सातव्या पानावर, अंतऱ्याच्या ऐन मध्यात,
त्याच शाईत, त्याच ओळीत :
दूध दीड शेर. बाकी सहा आणे.
मी म्हटलं होतं, हे गाळूया ना.
बाई म्हणाल्या, गाळायचं कशाला?
इथं ती उठलीय.
तिला जाऊन यायला वेळ दे.

म्हणून इथं हात वर.
चार मात्रा काही नाही.
नाट्यगृहात कुणीतरी खोकतं,
कुणाला वाटतं बाई विसरल्या.

त्या चारांत मला पान उलटायचं.
उलटलं.
बांगड्या वाजल्या, पार बाल्कनीपर्यंत.

पहिल्या रांगेत हौसाक्कांची लेक,
कागलहून एसटीनं आलेली, मांडीवर स्टीलचा डबा.
शेजारणीला म्हणाली,
कुजबुजत नव्हे, चांगली मोठ्यानं :
"आई आली बघ."

बाईंनी डावा हात खाली आणला.