व्हर्नियर

चाकाला बाईनं हात लावायचा नाही
असं आजोबांनी सांगितलं, आईनं ऐकलं.
म्हणून तिचं सगळं चाकाबाहेरचं:
चुली, परळ, भाकरीची खापरं,
आणि उन्हाळ्याच्या तोंडावर चार-पाच रांजण.

माती गंगापूर धरणाकडची, गाळाची.
तिच्यात लीद, राख, चाळलेली वाळू.
तुडवता तुडवता ती मध्येच थांबते,
वाकते, खडा काढून फेकते.
माझ्या पायाला तो कधीच लागला नाही.

मग मनगटाएवढ्या वळकट्या,
एकीवर एक, सांधा अंगठ्यानं पुसत.
रांजण फिरत नाही.
आई फिरते.
उलट्या पावलांनी, सकाळपासून त्याच्याभोवती.
कुंभारवाड्यातल्या आमच्या अंगणात
तिच्या चालण्याचं एक रिंगण पडलंय,
सारवलं तरी दिसतं.

दुसऱ्या दिवशी, अंग जरा आवळल्यावर,
आतून दगडी गोटा, बाहेरून थापी.
टप्. टप्. टप्.
लहानपणी झोपेतही कळायचं मला
पोट कुठवर आलं,
गळा कधी सुरू झाला.

मी अंबडला, लेथवर.
वीस मायक्रॉन इकडचे तिकडे झाले
की जॉब लाल पेटीत.
एका शनिवारी, सुट्टी होती,
व्हर्नियर खिशात घालून अंगणात बसलो.
कच्च्या रांजणाचा काठ मोजला:
अकरा. अकरा. साडेअकरा.
“बघ,” म्हणालो, “अर्ध्याचा फरक.”
“आणि पोटाचं?”
पोटापर्यंत व्हर्नियर पोचत नव्हतं.

ती उठली. बोटाच्या पेरानं
ठोकत ठोकत गेली सगळीकडून,
डाव्या अंगाला थांबली.
“हितं पातळ झालाय.
त्या दिवशी तुझा फोन आला होता,
बोलता बोलता थापी चालूच राहिली.”

“मग मोडायचा?”
“मोडायचा कशाला? पाझरंल तिथून.
पाझरल्याबिगर पाणी गार होतंय व्हय?”

आव्यात आठातले दोन तडकले,
हा नाही.

आता चैत्र. दाराशी तिवईवर तो,
डाव्या अंगाला तळव्याएवढी ओल.
सेकंड शिफ्टवरून आलो की
पाणी पिण्याआधी मी तिथं हात ठेवतो.
काय बोललो होतो फोनवर, आठवत नाही.
पगाराचं असेल.
नाहीतर एवढंच, की उशीर होईल,
तू जेवून घे.