ठेला कुठल्या रकान्यात

पाडांगच्या किनाऱ्यापासून बायपासपर्यंत
तीन किलोमीटर, वर थोडं.
लाट यायला अर्धा तास, असं धरून चालू.
या ‘धरून चालू’वरच माझा पगार निघतो.

पडद्यावर माणसं तांबडी, स्कूटर निळ्या,
मोटारी हिरव्या. त्या कमी, पण अडवतात फार.
धडधाकट माणूस सेकंदाला सव्वा मीटर.
म्हातारं असेल तर पाऊण.
कडेवर मूल असेल तर किती,
हा आकडा आम्हाला कुठे सापडेना,
म्हणून बाजाराच्या गल्लीत हेन्द्रिजाल
दहा किलो तांदूळ कडेवर घेऊन धावला
आणि मी घड्याळ धरलं.
रात्री त्याच्या बायकोने त्याच तांदळाचा भात केला.

चौरस मीटरला चार जण, तोवर गर्दीला पाय असतात.
सहा झाले की कुणी चालत नाही,
चालवलं जातं.
त्यात एक स्कूटर घुसली
की आधी वाट फाटते, मग स्कूटरच्या मागे मिटते,
आणि पुलाच्या तोंडाशी पुन्हा फाटतच नाही.
इतकं समीकरणाला कळतं.

सरावाच्या दिवशीच्या चित्रणात
मात्र एक ठिपका मला रंगवता येईना.
उनी नुरबाइती. उनी म्हणजे ताई, सगळ्या गल्लीची.
सायकलच्या चाकांवरचा ठेला,
केळीच्या पानात वळलेला भात, वर कच्च्या फणसाची आमटी.
हेन्द्रिजाल म्हणाला, चाकं आहेत, वाहनात टाक.
मी म्हटलं, पण ढकलणारी पायी आहे.
दोन दिवस वाद. शेवटी तिलाच विचारायला गेलो:
खरा धक्का बसला तर ठेला सोडाल ना?
तिने पळी आपटून घेतली.
‘आणि ठेल्यात आई बसलेली असेल तिचं काय?
तिला पाऊणसुद्धा जमत नाही.’

मी तिला तात्पुरतं ‘इतर’मध्ये टाकलं.

मग तो मंगळवार. सकाळचे दहा पन्नास.
कपाट आधी बोललं, मग जमीन.
माझ्या प्रोग्रामच्या दोनशे बाराव्या ओळीत
मीच लिहिलं होतं: प्रत्येक ठिपक्याचं तोंड पूर्वेला.
मी स्कूटर काढली आणि पश्चिमेला वळवली.
फाजरीची शाळा पश्चिमेला आहे,
समुद्राला लागून, नारळांच्या रांगेपलीकडे.

समोरून सगळं शहर येत होतं.
माझ्यासारख्या आणखीही होत्या, पुष्कळ,
हेल्मेटशिवाय, पायात घरच्या चपला,
लोकांच्या छातीशी बोलत पुढे सरकणाऱ्या: सोडा, जरा सोडा.
पुलावर स्कूटर अडकली. तिथेच टाकली.
चावी तशीच.

लाट आली नाही.
फाजरी केव्हाच मास्तरांबरोबर मशिदीच्या गच्चीवर चढला होता,
त्याला माझाच राग आला, की मी रडते कशाला.

संध्याकाळी पुलाचं चित्रण लावलं.
पांढरी स्कूटर, आडवी, कुणाची ते ओळखायला नको.
चार मिनिटं अकरा सेकंद
माणसं तिच्यावर आदळतात, फुटतात, मागे साचतात.
अकरा वाजून नऊ मिनिटांनी ठेला येतो.
आत पातेल्यांच्या जागी एक लहानशी बाई,
डोक्यावर पदर ओढून, मांडीवर कोंबडी.
ठेला थांबतो. दोन पोरं माझी स्कूटर उचलून
कठड्याला लावतात.
नुरबाइती वाकते, काहीतरी काढून घेते,
आणि पुन्हा ढकलायला लागते.
मागची गर्दी तिच्या मागून वाहू लागते.

हेन्द्रिजाल काही बोलला नाही. चहा आणून ठेवला.
दोनशे बारावी ओळ मी खोडली.
तिथे काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.
रात्री मॉडेल फिरवलं, तर अर्ध्या तासानंतर
एकशे चाळीस ठिपके पुलाच्या अलीकडेच.

सकाळी लोंतोंग खायला गेले.
नुरबाइतीने सुट्ट्या पैशांबरोबर
माझी चावी हातावर ठेवली.
तिला हळदीचा वास येत होता.
‘चावी काढून ठेवत जा गं,’ ती म्हणाली,
‘कुणीतरी नेली असती.’