नग अकरा

पंचनाम्याच्या कागदावर
घरं, झाडं, विहीर, गोठा असे रकाने होते.
खांबांना रकाना नव्हता.
मी जरा थांबलो, पेन झटकलं, लिहिलं:
इमारती लाकूड, साग, नग अकरा.

डेमच्या पावरा शेजारी उकिडवा बसलेला.
म्हणाला, वाच.
मी वाचलं.
तो हसला नाही, रागावलाही नाही.
उठला, एकेका खांबाला हात लावत गेला.
हा जातऱ्या. वाघानं नेला, म्हणून पायथ्याशी वाघ.
हा गिंबा. जन्मभर घोडा मागत राहिला,
मेल्यावर मी दिला.
ही ठुमली. बाईला कोण खांब देतं?
मी दिला.

अकराव्यावर
वर सूर्य, चंद्र,
खाली कोरं.
हा कोणाचा, मी विचारलं.
पटाशी कमरेला खोचत म्हणाला,
तूच लिहिलंस ना. लाकूड.

सिंदीघाट त्या ऑगस्टात गेलं.
नर्मदा चुलीपर्यंत आली,
कणगीपर्यंत, आढ्यापर्यंत,
मग गाव नुसतं मीटरात उरलं;
रोज सकाळी आकडा वायरलेसवर कळवायचा,
तेही माझंच काम.

तळोद्याकडे सपाट जमीन मिळाली,
चुन्यानं आखलेले प्लॉट,
आणि सिमेंटचे विजेचे खांब.
चौदा नंबरच्या बुडाशी
मोंगी होळीला मोहाची धार सोडते.
वायरमन ओरडतो, बाई, करंट बसेल!
बसू दे, ती म्हणते,
सासराच आहे माझा.

यंदा मे महिन्यात पाणी फार उतरलं.
रिटायर माणसाला काय उद्योग,
रेहमलच्या होडीतून गेलो.
तडकलेल्या गाळात
एक जातं, बाटलीचं बूच, बैलाचं शिंग,
आणि खांब.
सागाला पाणी काही करत नाही म्हणतात.
चेहरे मात्र गेलेत.
वाघ आणि घोडा कुठला, ओळखू येत नाही.
ठुमलीच्या बांगड्या तेवढ्या बोटांना लागल्या:
सात.
कोऱ्या खांबावर
दर उन्हाळ्यात उतरताना
पाण्यानं एकेक रेघ ओढलेली,
खालची वरचीहून फिकी.

मी पुन्हा मोजलं. सवय जात नाही.
सहा.
रेहमल वल्ह्यावर टेकून बघत होता.
म्हणाला, साहेब, मोजता काय,
नावं घ्या की.

मला तीनच आठवली.