नऊ ते दोन

सकाळी शाळेची बस, दुपारी शाळेची बस,
मधले पाच तास फर्नांडचे.
त्या पाच तासांसाठी आम्ही स्किडर घेतला:
आमच्या थोरल्या मुलीहून अकरा वर्षांनी मोठा,
पिवळा म्हणून विकलेला, रंगाने गंजका,
तीन टायर एका कंपनीचे, चौथा कुणाचा कोण जाणे.

थर्लोबाईंनी घासाघीस करू दिली नाही.
कोठाराच्या दारात उभ्या, नवऱ्याचाच कोट अंगात,
म्हणाल्या, "एल्विनने सांगून ठेवलेला आकडा आहे.
मी त्यात हात घालणार नाही."
फर्नांडने टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.
मी पर्समधलं पाकीट बाहेर काढलं,
छपरासाठी साठवलेलं.
छप्पर अजून एक हिवाळा काढेल, असं आम्ही
एकमेकांकडे न बघता ठरवलं.

घरी आणल्यावर कळलं, यंत्र एकटं आलं नव्हतं.
स्टिअरिंगशेजारी पत्र्यावर खिळ्याने कोरलेलं:
डावा ब्रेक खोटं बोलतो.
सीटखाली एक हातमोजा, उजवा,
मधली दोन बोटं आत दुमडून शिवलेली.
फर्नांड बराच वेळ तो मांडीवर घेऊन बसला.
मग म्हणाला, "नवी केबल लागेल."

वही माझ्याकडे. पहिलं पान असं:
केबल, दोनशे फूट. हायड्रॉलिकचा पाइप, दोनदा.
साखळ्या तीन. चेनसॉ त्याच्या भावाचा,
भाडं म्हणून बीअर,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
विम्याचा आकडा मी पेन्सिलीने लिहिला,
खोडता येईल या आशेने.
जमेची बाजू डिसेंबरपर्यंत कोरी,
कारण चिखलात स्किडर घालायचा नसतो,
जमीन गोठेस्तोवर थांबायचं असतं.
इथे, सेंट जॉन नदीच्या काठाला, शेंबड्या पोरालाही हे ठाऊक.
वहीला नव्हतं.

मग ऑक्टेव्हकाकांचं रान कडक झालं.
बसमधली पोरं म्हणू लागली,
मिस्टर मिशोंना नाताळच्या झाडाचा वास येतो.
एक लहानगी उतरताना रोज
त्याच्या बाहीवरचा डिंक बोटाने दाबून बघते.

जानेवारीत एक स्प्रूस पडता पडता अडकला,
शेजारच्या मॅपलच्या खांद्यावर डोकं टेकून,
ना धड उभा, ना आडवा.
अशा झाडांखाली माणसं गेली आहेत,
दोघांची नावं आमच्याच चर्चच्या भिंतीवर आहेत.
एक वाजून चाळीस मिनिटं.
अजून एक काप, अजून एक ओढ, की सुटलाच असता.
फर्नांडने घड्याळ पाहिलं, चेनसॉ बंद केला,
बुंध्याला लाल फीत बांधली
आणि एकेचाळीस मुलांना आणायला गेला.
हे त्याने मला तीन दिवसांनी सांगितलं,
बटाटे सोलताना,
जणू दुसऱ्याच कुणाची हकीकत.
तोवर वाऱ्याने झाड खाली आणलं होतं,
आणि त्याच्यासोबत अर्धा मॅपल.

त्या रात्री मी वहीत काहीतरी लिहिलं.
तो आकडा नाही.

मार्चमध्ये मिलचा चेक आला.
डिझेल वजा, ट्रकवाला वजा, काकांचा वाटा वजा:
त्रेसष्ट डॉलर आणि वर चिल्लर.
फर्नांड हसला, इतका की ठसका लागला.
"छपराचा एक कोपरा झाला," म्हणाला.

रस्ते मऊ व्हायच्या आत, शेवटच्या खेपेला,
कडेला एक निळी गाडी येऊन थांबली.
थर्लोबाई. उतरल्या नाहीत. काच तेवढी अर्धी खाली.
फर्नांडने चावी फिरवली. एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा धूर, खाकरणं,
आणि मग तो घोगरा, एकसुरी आवाज, झाडांमधून आरपार.
"तिसऱ्यालाच घेतं अजून," त्या म्हणाल्या,
मला की काचेला, कळलं नाही.
मी हातमोजा पुढे केला.
त्यांनी पाहिला, घेतला नाही.
"सीटखालीच असू दे," म्हणाल्या,
"त्याला गारठा सोसत नाही."

गाडी वळवून गेल्या.
दोन वाजायला दहा कमी होते.